मांडवाची मागची ओळ

२२ जुलै २०२४, सोमवार
सकाळी पाऊस थांबला, दुपारी पुन्हा आला. विहिरीचे पाणी कठड्यापासून चार हात खाली. ज्युली येऊन गेली, तिचे गुडघे तसेच. अळूवड्या केल्या, मेघनाने वळल्या. पडवीतली कपड्यांची दोरी मेघनाने सोडून खाली बांधली, आता माझ्या छातीला लागते. निमिष म्हणाला, दिवाळीनंतर राजेळीचे कंद काढू आणि तिथे तगर लावू. उजवा हात तसाच.

सुनंदाबाई चुरींनी पेनाला टोपण लावले, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि वही मिटली. कोपर टेबलावर टेकवला की अक्षर अजून पूर्वीसारखेच टपोरे आणि सरळ येत होते. म्हणूनच की काय, हाताचे काही फारसे बिघडले आहे असे त्यांना इतके दिवस वाटले नव्हते.

रोजनिशीची सवय त्यांना शाळेत लागली. वसईतल्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीला सिस्टर इझाबेल होत्या. त्या सांगायच्या, "रोज संध्याकाळी पाच ओळी. काय झालं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. आणि वही मिटली की मिटली. कालचं पान उघडून नटवत बसायचं नाही." वर्गातल्या बाकीच्या मुलींनी महिनाभरात वह्या टाकून दिल्या. सुनंदाबाईंनी अठ्ठावन्न वर्षे लिहिले. निर्मळला सून म्हणून आल्या त्या दिवशी लिहिले, निमिष झाला त्या दिवशी लिहिले, सात वर्षांपूर्वी पती जगन्नाथ गेले त्या दिवशीही पाचच ओळी लिहिल्या. आणि सिस्टरांचा नियम त्यांनी इतका काटेकोर पाळला की लिहिलेले पान एकदाही मागे उलटून वाचले नाही.

त्यांच्या वाडीत विहिरीच्या पलीकडे राजेळी केळीची बावीस बेटे होती. राजेळीचे केळे लांब, जाड, आणि पिकले तरी घट्ट. ते सोलून आठ दिवस उन्हात वाळवले की मधाच्या रंगाचे सुकेळे होते. ही कामगिरी चुरींच्या घरात बाईची. सुनंदाबाईंनी ती सासूकडून घेतली होती. दिवाळीला सुरुवात व्हायची, पहिली खेप निर्मळच्या यात्रेच्या आत तयार व्हायची, आणि यात्रेला आलेला प्रत्येक पाहुणा केळीच्या सोपटात, म्हणजे वाळलेल्या सालपटात, बांधलेली सुकेळ्यांची जुडी घेऊनच घरी जायचा.

वाळवण्याचा मांडव जगन्नाथांनी बांधलेला. नारळी-पोफळींच्या सावलीमुळे त्या वाडीत खाली ऊन उतरतच नाही, म्हणून त्यांनी मांडव उंच केला आणि दक्षिणेकडे उताराचा ठेवला. रुंदी दोन फूट, लांबी पंधरा. पुढची कड सुनंदाबाईंच्या हनुवटीला लागायची आणि मागची थेट जगन्नाथांच्या डोक्याला. जगन्नाथ सहा फूट उंच होते आणि सुनंदाबाई पाच फूट.

"बांधताना मोजमाप स्वतःचं घेतलंत आणि काम मला लावलंत," असे त्या दर दिवाळीला म्हणायच्या.

"हात वर राहिला की माणूस लवकर म्हातारं होत नाही," असे जगन्नाथ दर दिवाळीला म्हणायचे.

पाच वर्षांपूर्वी निमिषने हौसेने मांडव खाली घेऊन दिला होता. चौथ्या दिवशी केळ्यांना बुरशी धरली आणि खाली मुंग्यांची रांग लागली. पाचव्या दिवशी मांडव पुन्हा वर गेला.

आता प्रश्न मांडवाचा नव्हता, हाताचा होता. एप्रिलमध्ये माळ्याच्या वाशाला पिकायला टांगलेला केळ्यांचा लोंगर उतरवताना सुनंदाबाईंच्या पायाखालचे स्टूल कलंडले. दुसऱ्या कोणी लोंगर सोडून दिला असता. त्यांनी दोर सोडला नाही. क्षणभर उजव्या हाताने त्या दोराला लोंबकळल्या आणि मग हलकेच जमिनीवर बसल्या. लोंगर शाबूत राहिला. एक्स-रेत हाडही शाबूत निघाले. खांदा मात्र तेव्हापासून जो दुखू लागला तो पावसाळा अर्धा सरला तरी आपल्या जागी आला नाही.

निमिष सकाळी सातला अंधेरीला निघतो. त्याची बायको मेघना नालासोपाऱ्याच्या शाळेत शिकवते, ती त्याच्याही आधी जाते. सुकेळी दुपारी उलटायची असतात आणि दव पडायच्या आत घरात घ्यायची असतात. त्या वेळी घरात दोन हात असायचे ते सुनंदाबाईंचेच. त्यातला एक वर जात नसेल तर राजेळी ठेवायची कशाला, असा निमिषचा सरळ हिशेब होता.

"तगर कमरेएवढी राहते, आई," तो म्हणाला होता. "बसून कळ्या खुडता येतील. हात वर करायलाच नको."

तो प्रेमाने बोलत होता हे सुनंदाबाईंना कळत होते, आणि त्याचाच त्यांना जास्त राग येत होता.

*

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ज्युली आपल्या भाचीला घेऊन आली. ज्युली भुईगावची. गेली तीस वर्षे सुकेळ्यांच्या दिवसांत ती केळी सोलायला यायची. हल्ली गुडघ्यांमुळे तिला उभे राहवत नसे, पण पाटावर बसली की तिच्या हाताला आणि तोंडाला कोणी थांबवू शकत नसे.

"गो सुनंदा, ही माझी ग्लोरिया," ती पडवीतूनच ओरडली. "फिजिओथेरपी शिकलीय. माझे गुडघे बघून म्हणते, मावशी, वजन उतरव. म्हटलं चल, तुला बारीक पेशंट दाखवते."

ग्लोरिया अठ्ठावीस वर्षांची, केस आखूड, बोलणे नेमके. तिने स्कूटरचे हेल्मेट पायरीवर ठेवले, हात धुतले आणि सुनंदाबाईंना खुर्चीवर ताठ बसवले.

"काकू, हात पुढून वर न्या."

हात खांद्याच्या पातळीला जायच्या आधीच थांबला.

"आता मी नेते. तुम्ही सैल सोडा."

तिने नेला तरी तो तिथेच थांबला.

"बाजूने?" तिथेही तेच. "मागे न्या, कंबरेवर ठेवा." अंगठा जेमतेम नितंबापर्यंत पोचला. "आता कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर वळवा, दार उघडतो तसा." हात चार बोटेसुद्धा वळला नाही.

"हं," ग्लोरिया म्हणाली. "नुसते स्नायू दुबळे असते, तर मी नेल्यावर हात गेला असता. मी नेल्यावरही अडतो, म्हणजे आतली पिशवी आवळली आहे. एक बशी द्याल का? आणि एक लिंबू."

"सरबत करतेस?" ज्युलीने विचारले.

"खांदा करते."

मेघनाला त्या दिवशी शाळेतून लवकर सुटी मिळाली होती. तिने बशी आणि लिंबू आणून दिले आणि दारातच उभी राहिली.

ग्लोरियाने बशी उभी धरली आणि तिच्या खळग्याला लिंबू टेकवले. "हे लिंबू म्हणजे तुमच्या दंडाच्या हाडाचं डोकं. आणि ही बशी म्हणजे पाठीवर जे त्रिकोणी पातं असतं ना, त्याच्या कोपऱ्यातला खळगा. पुढून गळ्याजवळचं आडवं हाड येऊन त्या पात्याला आधार देतं. झाला खांदा. कंबरेखालचा खुबा उखळात बसवल्यासारखा असतो, खोल. तो सहसा हलत नाही. खांदा बशीवर ठेवलाय, आणि बशी उभी."

"मग लिंबू पडत कसं नाही?" ज्युलीने विचारले.

ग्लोरियाने दुसऱ्या हाताची चार बोटे लिंबाभोवती धरली. "चार छोटे स्नायू असे चारही बाजूंनी धरून ठेवतात. हात कुठेही गेला तरी लिंबू बशीच्या मधोमध. आणि बशी उथळ आहे म्हणूनच हात इतका फिरतो. पुढे, मागे, बाजूला, आत, बाहेर, गोल. अंगात दुसरा कुठलाच सांधा एवढा मोकळा नाही. उखळात बसवला असता तर तो भक्कम झाला असता, पण मग केस विंचरता आले नसते, की दोरीवर कपडे घालता आले नसते."

सुनंदाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शाळेत शरीरशास्त्राची आकृती काढताना त्यांना नेहमी दहापैकी नऊ मिळत. "आणि ती पिशवी?"

"काकू, अंगातला ब्लाउज तुम्हीच शिवलाय ना? काखेत कापड कसं ठेवता?"

"थोडं सैल. नाहीतर हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो."

"बस! सांध्याभोवती तशीच पिशवी असते आणि खालच्या बाजूला तिला सैल चुणी असते. हात वर गेला की ती चुणी उलगडते. हात महिनोन् महिने वर गेलाच नाही, तर चुणी चिकटून बसते. आता गंमत बघा." तिने आपला अंगठा सुनंदाबाईंच्या पाठीवर पात्याच्या टोकाला लावला. "चांगल्या खांद्यात तीन वाटे असतात. दोन वाटे काम लिंबाचं आणि एक वाटा पात्याचं. करा हात वर. बघा, तुमचं पातं आधी धावतं. खांदा कानाला लागतो आणि हात जिथल्या तिथे. अख्खा ब्लाउज वर चढतोय."

ज्युली खदखदून हसली. "म्हणजे शेजारीण राबते आणि घरधनीण झोपलीय!"

"अगदी बरोबर, मावशी." ग्लोरियाने वही काढली. "काकू, मला एकच सांगा. वरच्या दोरीपर्यंत तुमचा हात शेवटचा कधी पोचला होता? अंदाजे चालेल."

सुनंदाबाईंना अंदाजे काही सांगण्याची सवय नव्हती. त्या उठल्या, आतून या वर्षाची रोजनिशी घेऊन आल्या, आणि ती हातात धरून थांबल्या. मागचे पान उघडायचे होते. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. सिस्टर इझाबेल कुठूनतरी बघत असतील तर त्यांनाही हे वैद्यकीय कारण पटेल, असे मनाशी म्हणत त्यांनी एप्रिल उघडला आणि मोठ्याने वाचू लागल्या.

"वीस एप्रिल. डॉक्टर म्हणाले, हाड ठीक आहे. दोन आठवडे हात झोळीत ठेवा, मग रोज थोडा थोडा हलवायला लागा." त्या थबकल्या. "हे मीच लिहिलंय?"

"पुढे," ग्लोरिया म्हणाली.

"चार मे. मेघनाने लोणच्याच्या बरण्या वरच्या फळीवरून खाली घेतल्या. सव्वीस मे. आज झोळी काढली."

"दोन आठवड्यांचे पाच झाले. पुढे?"

"तीन जून. देव्हारा भिंतीवरून उतरवून चौरंगावर ठेवला. मला हात वर करायला नको म्हणून." पान उलटले. "बारा जून. डोक्यावरून घालायचे गाऊन बाजूला ठेवले. मेघनाने पुढून बटणांचे तीन आणले. तीस जून. केस कापले, अंबाडा घालायला हात पोचत नाही. अकरा जुलै. चहा-साखरेचे डबे ओट्यावर. बावीस जुलै. दोरी खाली."

ग्लोरियाने सगळ्या तारखा आपल्या वहीत उतरवून घेतल्या. 

"काकूंचा हात खाली आला म्हणून घर खाली आलं नाही," ग्लोरिया म्हणाली. "घर एकेक वस्तू करून खाली येत गेलं, आणि हात त्याच्या मागोमाग खाली आला."

"म्हणजे..." दारातून मेघनाचा आवाज आला. "म्हणजे हे मी केलं? आई, मला वाटलं, तुम्हाला त्रास नको..." तिच्या डोळ्यांत पाणी तरारले.

मेघना डोंबिवलीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला केळ आणि केळफूल यापलीकडे वाडीतले काही कळत नव्हते. चौदा वर्षांत सासू-सुनेचे खटके उडाले ते भाताच्या मऊपणावरून, बाकी कशावरून नाही.

"डोळे पूस आधी," सुनंदाबाई म्हणाल्या. "तू बरण्या उतरवल्यास तर मी त्या लिहून ठेवल्या. डोळ्यांसमोर, तारखेनिशी. मलाच दिसलं नाही तर तुला काय दिसणार?" त्यांनी वही मिटली. "ग्लोरिया, हे उलटं फिरतं का?"

"फिरतं. वेळ लागतो, दुखतं, आणि कंटाळा येतो. तिन्ही चालणार असेल तर फिरतं."

"दिवाळीपर्यंत?"

"किती उंच पोचायचंय?"

सुनंदाबाईंनी तिला मांडव दाखवला. ग्लोरियाने मागच्या कडेकडे पाहिले, मग सुनंदाबाईंच्या उंचीकडे, मग पुन्हा कडेकडे. "कुणी बांधला हा?"

"माझ्या नवऱ्याने."

"त्यांनी जरा जास्तच उंच बांधला," ग्लोरिया म्हणाली. "बघू."

*

रात्रीच्या जेवणात सुनंदाबाईंनी निमिषला सांगून टाकले. "दिवाळीच्या पाडव्याला मांडवावर केळी मी लावणार. मागची ओळसुद्धा. स्टुलावर न चढता, उजव्या हाताने. जमलं तर राजेळी राहील. नाही जमलं तर तू कंद काढ, मी हूं की चूं करणार नाही."

"आई, हट्ट कशाला? हात महत्त्वाचा की केळी?"

"दोन्ही एकाच मांडवावर आहेत."

निमिषने बायकोकडे पाहिले. मेघना वाटीतली आमटी निमूटपणे ढवळत होती. "पाडव्याला," ती म्हणाली. "आई म्हणतात ते मला मान्य आहे." निमिषच्या लक्षात आले की घरात मतमोजणी झाली आहे आणि तो पडला आहे.

मोजमापाची सोय घरात होतीच. स्वयंपाकघराच्या चौकटीवर निमिषच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, बालवाडीपासून बारावीपर्यंत, प्रत्येकीपुढे इयत्ता. सगळ्यांच्या वर, एकटीच, एक जाड खूण होती आणि तिच्यापुढे 'ज'. निमिषने सहावीत असताना हट्ट धरला होता की बाबांचीही काढायची. मांडवाची मागची कड आणि ही खूण एकाच उंचीला.

ग्लोरियाने व्यायाम लावून दिले. गरम पाण्याच्या पिशवीने दहा मिनिटे शेक. मग ओट्यावर डावा हात टेकून पुढे वाकायचे आणि उजवा सैल सोडून विहिरीच्या दोरासारखा हलवायचा. कोपर कमरेला लावून काठीने हात बाहेर ढकलायचा. आणि चौकटीसमोर उभे राहून बोटे एकेक करत वर चढवायची, खांदा कानाकडे न नेता.

"दुखेल तिथे एक श्वास थांबायचं," ती म्हणाली. "रेटायचं नाही, आणि पळूनही यायचं नाही."

पाच ऑगस्टला बोटे चढली ती निमिषच्या दुसरीपर्यंत. सुनंदाबाईंनी तसेच लिहिले: 'हात: दुसरी.' पंधरा ऑगस्टला तिसरी. महिनाअखेरीस चौथी. सोमवारी आणि गुरुवारी ग्लोरियाची स्कूटर फाटकात वाजायची. इतर दिवशी मेघना शाळेतून आली की चपला काढायच्या आधी विचारायची, "आई, कितवी?"

"चौथीच. नापास केलंय."

"गणित कच्चं असेल."

हात चढेल तशी एखाद्या रविवारी मेघना घरातली एक वस्तू पुन्हा वर चढवायची, शेवटी खाली आलेली आधी. फक्त दोरी तिने शेवटी ठेवली. पहिल्यांदा चहा-साखरेचे डबे वर गेले. साखरेचा डबा काढताना सुनंदाबाईंच्या कपाळावर घाम यायचा, पण चहा त्या गोडच करायच्या.

गणपतीत मात्र घात झाला. घरात पाहुणे, हात पाचवीपर्यंत आलेला, आणि सुनंदाबाईंना वाटले, एकदा जोर लावून बघावे. कोणी बघत नाही असे पाहून त्यांनी उजवा हात डाव्याने धरून दहावीच्या खुणेकडे ओढला. आतून अशी कळ आली की चौकटीलाच टेकून उभे राहावे लागले. चार दिवस झोप नाही. 'हात: दुसरी,' असे त्यांनी लिहिले, आणि पहिल्यांदाच त्या ओळीखाली रेघ मारली.

ग्लोरिया आली ती चिडलेलीच. "काकू, कॉन्व्हेंटमध्ये शिकलात ना? डबल प्रमोशन मिळायचं का तिथे?"

"नाही."

"मग इथे कुठून आणणार? ती पिशवी ओढून उलगडत नाही. ओढली की चिडते आणि अजून आवळते. रोज थोडी. आणि आणखी एक, आज नीट शिकून घ्या." तिने सुनंदाबाईंचा हात हातात घेतला. "खांद्याच्या वर हाडाचं एक छोटं छप्पर असतं. दंडाच्या हाडावर एक उंचवटा आहे. तळवा खाली ठेवून हात बाजूने वर नेला की उंचवटा त्या छपराला अडतो. पण वाटेत हात बाहेर वळवलात, अंगठा आभाळाकडे केलात, की उंचवटा मागे सरकतो आणि छपराखालून वाट मिळते. करून बघा."

सुनंदाबाईंनी तळवा खाली ठेवून हात उचलला. अडला. मग अंगठा वर करून उचलला. हात त्याच दुखऱ्या अवस्थेत तीन बोटे अधिक गेला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

"चौकटीवर बोटं चढवताना तळवा लाकडाकडे असतो, तिथे हे नीट जमणार नाही," ग्लोरिया म्हणाली. "पण काम करताना विसरू नका."

सप्टेंबर सरता सरता हात पुन्हा पाचवीत गेला. दसऱ्याला आठवी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी देव्हारा पुन्हा भिंतीवर चढला, तेव्हा ज्युलीने खिडकीतून डोकावून विचारले, "काय, देवांचा पण व्यायाम संपला वाटतं?" दिवाळीच्या आठवड्यात बरण्या वरच्या फळीवर गेल्या आणि हात बारावी पास झाला. बारावीच्या वर मात्र चौकट कोरी होती. कोरी, आणि तिच्या वर ती एकटी जाड खूण. धनत्रयोदशीला बोटे खुणेच्या चार बोटे खाली थांबली. लक्ष्मीपूजनाला दोन बोटे. तिथून पुढे तसूभरही नाही.

*

पाडव्याच्या सकाळी ऊन स्वच्छ पडले. माळ्यावरचा लोंगर निमिषने उतरवला. ज्युली पाटावर बसून सोलत होती आणि सोललेली केळी परातीत रचत होती. मांडवावर बांबूच्या तट्ट्या आदल्या दिवशीच धुऊन अंथरल्या होत्या. ग्लोरियाला बोलावले नव्हते, पण ती आलीच. भावाला दिवाळीचा फराळ हवा होता म्हणे.

"आई, दोन बोटं कमी पडतात," निमिष हळूच म्हणाला. त्यालाही काल चौकट दिसली होती. "एवढ्यासाठी मी मांडव दोन बोटं खाली घेतो ना."

"एकही बोट नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

पुढची ओळ झाली. हनुवटीच्या उंचीला, हात सहज. दुसरी झाली. तिसरीला खांदा तापला. त्या थांबल्या, वाकून हात दोरासारखा हलवला, पुन्हा उभ्या राहिल्या. ज्युलीने सोलणे थांबवले होते. मेघना पदराचे टोक चुरगळत होती.

मागच्या ओळीसाठी त्यांनी परातीतले केळे उचलले, मांडवाच्या मागच्या कडेला गेल्या आणि हात वर नेला. खांदा कानाकडे निघालेला त्यांना जाणवला. त्यांनी तो खाली सोडला. शेजारीण नको, घरधनीण हवी. हात चढत गेला, बारावीच्या वर गेला, चौकटीवर रोज अडायचा तिथे आला आणि अडला. केळ्याचे टोक मागच्या तट्टीपासून दोन बोटे खाली होते.



सुनंदाबाईंनी हात मागे घेतला नाही. त्या तिथेच थांबल्या, एक श्वास. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले. चौकटीसमोर तीन महिने उभे राहून त्यांना तळवा पुढे धरायची सवय लागली होती. आताही तो तसाच होता, आणि अंगठा आत वळलेला. त्यांनी केळे मुठीत फिरवले. अंगठा आभाळाकडे. कोपर किंचित बाहेर. आत कुठेतरी काहीतरी सरकले, दुखले, आणि वाट मिळाली. पाठीवरचे पाते आपल्या वाट्याचे काम करायला आता, शेवटी, हलले. केळे मागच्या तट्टीवर टेकले. त्यांनी बोटाने ते सरळ केले.

"एक," ज्युली म्हणाली.

मग दुसरे. मग तिसरे. आठ केळी त्या मागच्या ओळीत लागली, सगळी एका दिशेने, मध्ये बोटभर अंतर ठेवून. शेवटच्या केळ्याला सुनंदाबाईंचा ब्लाउज घामाने भिजला होता, पण तो वर चढला नव्हता.

निमिष कडेपर्यंत आला. त्याने मागच्या ओळीवर हात फिरवला, कुणी बसवलेल्या विटा तपासाव्यात तसा. मग खिशातून मोबाइल काढला.

"कुणाला फोन?" सुनंदाबाईंनी विचारले.

"गड्याला. सोमवारी कंद काढायला येणार होता. सांगतो, कुदळ नको, शेणखत घेऊन ये."

"आणि तगर?"

"ती कुंपणाला लावू."

"हो, कुंपणाला बरी," सुनंदाबाई म्हणाल्या. "गणपतीला हारासाठी लागतेच." आणि घामेजलेला चेहरा पुसायला त्यांनी पदर उजव्याच हाताने वर नेला.

"पाठीला साबण लागतो का, काकू?" ग्लोरियाने करंजी खाता खाता विचारले.

"नाही. मागे अजून कंबरेच्या वर जात नाही."

"मग सोमवारी येते."

"तुझी फी आणि मावशीची सुकेळी, दोन्ही यात्रेला मिळतील," मेघना म्हणाली, आणि एवढे म्हणून ती घाईने पडवीत गेली. तिथे तिचे एक काम राहिले होते.

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार
पाडवा. ऊन चांगले. सुकेळ्यांची पहिली खेप लावली, बत्तीस केळी, मागच्या ओळीत आठ. दुपारी उलटली, चार वाजता आत घेतली. ज्युली, ग्लोरिया जेवायला. श्रीखंड थोडे आंबट झाले होते. हात: ज. मेघनाने पडवीतली दोरी पूर्वीच्या खिळ्यांना बांधली. संध्याकाळी तीन टॉवेल आणि निमिषचा शर्ट तिच्यावर वाळत घातला.